‘टीचेस अवे’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे : अमेरिकी पेटंट अपिलांच्या निकालांत, आधीचा शोध नव्या शोधापासून ‘टीचेस अवे’, असं वारंवार येतं. त्याला ‘उलट शिकवतो’ म्हणावं का?

माझ्या मते नको. ‘उलट शिकवतो’ म्हटलं की आधीच्या शोधाच्या कागदात नव्या शोधाच्या नेमकं विरुद्ध काही लिहिलंय असा समज होतो. न्यायालय मात्र पाहतं ते वेगळंच : त्या विषयातला सर्वसाधारण जाणकार तो कागद वाचून या वाटेला जायचं सोडून देईल का? सगळा भर वाचणाऱ्यावर आहे. म्हणून ‘परावृत्त करतो’ हाच शब्द मला पटतो.

या शब्दाची कसोटी १९९४च्या गर्ली खटल्यात छान लागते. अर्ज होता सर्किट बोर्डासाठीच्या, इपॉक्सी वापरून केलेल्या, वाकवता येणाऱ्या पदार्थाचा. जुन्या दस्तऐवजात इपॉक्सी हे रेझिन होतंच, फक्त दुसऱ्या रेझिनपेक्षा डावं ठरवलेलं. एवढ्यावरून जाणकार परावृत्त झाला असता, म्हणून पेटंट मिळावं, असा अर्जदाराचा दावा. फेडरल सर्किटने, म्हणजे पेटंट अपिलं ऐकणाऱ्या अमेरिकी न्यायालयाने, तो फेटाळला. माहीत असलेली वस्तू कुणी जरा डावी म्हटली, म्हणून तिच्यावर पेटंट मिळत नाही. हा निकाल ‘उलट शिकवतो’ वापरून मांडून पाहा, मुद्दाच निसटतो. ‘डावं म्हणणं वेगळं, परावृत्त करणं वेगळं’ असं म्हटलं की लगेच उलगडतो.

खरोखर परावृत्त करणं म्हणजे काय, ते १९६६च्या अ‍ॅडम्स खटल्यात दिसतं. अ‍ॅडम्सची मॅग्नेशियम आणि क्युप्रस क्लोराइडची बॅटरी पाणी घातलं की चालू होई. मग ती बंद करता येत नसे आणि तापतही असे. अशी बॅटरी व्यवहारात निरुपयोगी, हीच तोवरची समजूत होती. सैन्याच्या तज्ज्ञांनाही आधी ही बॅटरी पटली नव्हती. ही समजूतच परावृत्त करणारी होती, म्हणून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पेटंट कायम ठेवलं.

राहिला नुसता ‘टीचेस’. तिथे ‘या दस्तऐवजातून जाणकाराला अमुक बोध होतो’ अशी रचना करावी. ‘दस्तऐवजात लिहिलं आहे’ तोकडं पडतं, कारण बोध आकृतीतूनही होतो आणि अपिलात कित्येकदा वाद त्या आकृतीवरच चालतो.