अमेरिकेत पिस्तुलाचा बदली पार्ट टपालाने थेट घरी मागवला तर चालतं का?

तुम्ही लिहिलंय की ह्यूस्टनला राहता, पिस्तुलाचा एक पार्ट तुटलाय, कंपनी वॉरंटीत बदलून द्यायला तयार आहे; पण जवळचा दुकानदार म्हणतो, ‘बंदुकीचं काहीही घरी मागवलंत तर गुन्हा होतो, माझ्या पत्त्यावर मागवा.’ त्याचं ऐकावं का?

निम्मं ऐका. मी वकील नाही. डॅलसजवळ राहतो, ग्रीन कार्ड मिळाल्यापासून शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर जातो आणि या फेऱ्यातून दोनदा गेलोय.

आजीच्या गोष्टीतला राक्षस आठवतोय? हात तोडा, मुंडकं उडवा, तो मरत नाही, कारण त्याचा जीव कुठेतरी पिंजऱ्यातल्या पोपटात. अमेरिकेच्या फेडरल कायद्याने बंदुकीचा जीव असाच एका तुकड्यात ठेवलाय. 1968 च्या गन कंट्रोल ॲक्टप्रमाणे ‘फायरआर्म’ म्हणजे अख्खी बंदूक, आणि तिची नुसती फ्रेम किंवा रिसीव्हरसुद्धा, म्हणजे बाकीचे भाग ज्यात बसतात तो सांगाडा. सीरियल नंबर असतो तो हा तुकडा. नळी, स्लाइड, चाप, घोडा, फायरिंग पिन, स्प्रिंगा, मुठीच्या पट्ट्या, हे सगळं फेडरल कायद्याच्या लेखी सुटे भाग. ते तुमच्या दारात आले तर ना फॉर्म लागतो, ना दुकानदार.

माझी एक्स्ट्रॅक्टरची, म्हणजे झाडलेलं काडतूस ओढून काढणाऱ्या आकड्याची, स्प्रिंग गेली तेव्हा मलाही एका दुकानदाराने हेच सांगितलं होतं. सहा डॉलरची स्प्रिंग, माझ्या करंगळीच्या नखाएवढी, ती मी इमानदारीत त्याच्या दुकानात मागवली आणि ‘ट्रान्सफर’चे 25 डॉलर मोजले. पुढे रेंजवरच्या एका म्हाताऱ्याने ती हकिगत ऐकली आणि इतका हसला की त्याला खोकला आला. राक्षसाचा राहिला बाजूला, माझाच पोपट झाला.

तेव्हा आधी एवढंच बघा की तुटलेल्या तुकड्यावर नंबर आहे का. हे दिसतं तितकं सरळ नसतं. ग्लॉकमध्ये प्लॅस्टिकच्या फ्रेममध्ये बसवलेल्या धातूच्या पट्टीवर नंबर असतो, म्हणजे मूठ हीच बंदूक. सिग पी 320 मध्ये उलट आहे: मूठ नुसतं टरफल, ते कुणीही टपालाने मागवावं; जीव आतल्या फायर कंट्रोल युनिटमध्ये, म्हणजे चाप वगैरे बसवलेल्या धातूच्या संचात, ज्याचा नंबर मुठीतल्या छोट्या खिडकीतून दिसतो. रुगर मार्क फोरमध्ये तो वरच्या नळीवाल्या भागात असतो आणि खालची मूठ मोकळी. एआर-15 रायफलमध्ये खालचा रिसीव्हर. नळी महत्त्वाची वाटते म्हणून तीच बंदूक, असा आपला अंदाज असतो. कायद्याला त्याच्याशी देणंघेणं नाही.

नंबरवाला तुकडा साधा विकत घ्यायचा असेल तर दुकानदाराचं बरोबर आहे. तो परवानाधारक डीलरकडेच येणार, तुम्ही खरेदीदाराचा फेडरल फॉर्म 4473 भरणार, पार्श्वभूमी तपासणी होणार, मग हातात. या नियमामागे आमच्या डॅलसचीच एक कहाणी आहे. 1963 मध्ये ली हार्वी ऑस्वाल्डने शिकागोच्या एका दुकानाच्या जाहिरातीवरून खोट्या नावाने दुर्बीण लावलेली रायफल मागवली, 19 डॉलर 95 सेंट आणि वर टपालखर्च. ती इथल्या पोस्टातल्या बॉक्सवर आली. कुणी ओळखपत्र मागितलं नाही, मागायचा कायदाच नव्हता. केनेडींची हत्या त्याच रायफलने झाली. तरी टपालाची ही वाट बंद व्हायला 1968 उजाडलं, तेही मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी गेल्यावर.

पण तुमचा मामला वॉरंटीचा आहे, आणि तिथे कायद्यात एक सवलत आहे जी बऱ्याच दुकानदारांना माहीत नसते, किंवा माहीत असून सांगायची नसते. तुम्ही तुमची बंदूक परवानाधारक कारखान्याकडे किंवा कारागिराकडे दुरुस्तीला पाठवलीत, तर तो ती, किंवा तिच्या बदल्यात त्याच जातीची दुसरी, थेट तुम्हाला परत पाठवू शकतो. दुसऱ्या राज्यातून, तुमच्या घरच्या पत्त्यावर. फॉर्म 4473 सुद्धा लागत नाही. बदली आलेल्या फ्रेमवर नवा नंबर असला तरी.

यातली मेख ‘परत’ या शब्दात आहे. तुमची मूळ वस्तू त्यांच्याकडे गेलेली हवी. ‘जुनी राहू द्या तुमच्याकडे, आम्ही नवी फ्रेम पाठवतो’ असं कंपनी म्हणाली, तर ती बदली नव्हे, नवी बंदूक झाली, आणि मग मुकाट्याने दुकानदाराकडे जायचं. पाठवताना आपल्या मनाने पार्सल बांधून पोस्टात किंवा कुरियरच्या काउंटरवर जाऊ नका. लपवता येण्याजोगी हत्यारं टपालात टाकायला 1927 मध्येच बंदी घातली गेली, आणि मोठ्या खासगी कुरियर कंपन्या परवाना नसलेल्याकडून बंदुकीचं पार्सल घेत नाहीत. कंपनीकडून तिचंच लेबल मागवा, तिच्या सूचनेप्रमाणे पाठवा. गोळ्या आणि मॅगझिन घरी ठेवा.

माझी फ्रेम तडकली तेव्हा असंच केलं. तीन आठवड्यांनी नवी आली. एकवीस वर्षांवरच्या माणसाची सही लागत होती, मी ऑफिसात, आणि घरी सातारहून आलेली आई. तिने मराठीत सही ठोकली आणि खोकं ओट्यावर कुकरशेजारी ठेवून दिलं. संध्याकाळी म्हणाली, ‘मिक्सर मागवलास का रे? जड आहे.’

मला घाम फुटला, त्याचं कारण तुम्हालाही लागू असेल म्हणून सांगतो. तुम्ही कुठल्या व्हिसावर आहात ते लिहिलेलं नाही. एच-वन-बी, एल-वन, विद्यार्थी, पर्यटक, सगळे कायद्याच्या भाषेत ‘नॉन-इमिग्रंट’. त्यांना बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायला फेडरल मनाई आहे. नेहमी वापरली जाणारी पळवाट म्हणजे कुठल्याही राज्याचा चालू शिकारीचा परवाना. तो असेल तर चालतं. ग्रीन कार्डवाल्याला ही मनाई नाही. रेंजवर भाड्याची बंदूक धरणंही ‘बाळगणं’च, त्यामुळे आईबाबांना ‘एकदा चालवून बघा’ म्हणून नेणाऱ्यांनी जरा थांबावं. 2019 मध्ये सुप्रीम कोर्टात गाजलेला रेहाइफ खटला याच गोत्यातला: शिक्षण सुटून विद्यार्थी म्हणून राहण्याचा हक्क गेलेला एक परदेशी तरुण रेंजवर गेला आणि फेडरल खटल्यात अडकला. कोर्टाने म्हटलं की बंदूक हाती असल्याचं आणि आपला दर्जा काय हे, दोन्ही आरोपीला माहीत होतं, हे सरकारने सिद्ध करायला हवं. आईला मिक्सर वाटत होता, म्हणजे ती सुटली असती. पण तेव्हापासून मी पार्सल कुरियरच्या ऑफिसातून स्वतः आणतो.

सुट्या भागांतही काही साप आहेत. रायफलला 16 इंचांहून आखूड नळी टपालाने येईल, कुणी अडवणार नाही. ती बसवलीत की 1934 च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टखाली नोंद न केलेलं हत्यार तयार. सायलेन्सरचे भाग तर सुटेसुद्धा नियंत्रित आहेत, आणि परदेशी साइटवर ते साफसफाईचं किट म्हणून विकले जातात. पिस्तूल सलग झाडायला लावणारा नाण्याएवढा ‘स्विच’ कायद्याने एकटाच मशीनगन ठरतो, दहा वर्षांपर्यंत कैद. स्वस्त दिसलं म्हणून चीनहून काही मागवू नका.

टेक्सासमध्ये यावर राज्याचं फारसं काही नाही, पण तुमचे मित्र एडिसनला किंवा फ्रीमॉंटला असतील तर हे उत्तर तसंच पुढे ढकलू नका. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात दहापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन चालत नाही. न्यूयॉर्कमध्ये पिस्तुलाचा नंबर परवान्यावरच चढवलेला असतो, तिथे फ्रेम बदलली की परवानाही बदलून घ्यायचा. नव्या नंबरचं कंपनीचं पत्र मात्र टेक्सासमध्येही जपून ठेवा. चोरी झाली तर पोलीस पहिल्यांदा नंबरच विचारतात.

आणि भारतात कुणासाठी पार्ट पाठवायचा विचार असेल तर तो सोडाच. इथून निघताना अमेरिकेचे निर्यात नियम आडवे येतात, आणि तिकडे 1959 च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दातच त्याचे भागही आले; आयातीला वेगळा परवाना लागतो. तिकडच्या राक्षसाचा जीव पोपटात नाही, अंगभर आहे. आमच्या मामांची बारा बोअर आहे, शेतातल्या रानडुकरांच्या भीतीने परवाना काढलेली. घोड्याची स्प्रिंग गेली म्हणून मागच्या दिवाळीत म्हणाले, ‘तुझ्याकडे तर ढिगाने मिळतात, बॅगेत टाकून आण की.’ मी दोन किलो बदाम आणि त्यांना आवडते ती शेव्हिंग क्रीम नेली. क्रीम घेतली, पण अजून नीट बोलत नाहीत.