ऑफिसातले बंद पीसी लांबून चालू करायचे आहेत, काही झालं तर अलर्टही हवा आहे. नेटवर्क कार्डात नेमकं काय सेट करू?

प्रश्नाखाली तुम्ही तपशील दिलाय तो असा: पतसंस्था, मुख्य कार्यालयात ४० डेस्कटॉप, शिवाय दोन शाखा. रात्री अपडेट टाकायचेत. मॅजिक पॅकेट (बंद पीसीला उठवणारा नेटवर्कवरचा निरोप) सोडलं की निम्मे पीसी उठतात, निम्मे ढिम्म. आणि शेवटी एक वाक्य, ज्याच्यामुळे मी रात्री अकरा वाजता हे टाइप करत बसलोय: "कॅबिनेट उघडलं तर अलर्ट येतो असं ऐकलंय, म्हणजे कोणी उघडलं तेही कळेल."

अलर्ट येतो. कोणी उघडलं ते कळत नाही. त्याच्यावर येतोच, पण आधी तुमचे झोपलेले पीसी.

संध्याकाळी सगळे घरी गेले की एकदा कार्यालयात जा आणि प्रत्येक बंद पीसीच्या मागे वाकून बघा. लॅनची केबल खोचलीय तिथला दिवा जळतोय का? जळत नसेल तर ड्रायव्हर, विंडोज, राउटर कशालाही हात लावू नका, कार्डाला वीजच नाहीये. पीसी बंद असतो तेव्हाही एसएमपीएसमधून (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यातून) पाच व्होल्टची स्टँडबाय लाइन चालू असते, कार्ड तिच्यावर जागं राहून पॅकेटची वाट बघतं. भिंतीवरचं बटण बंद झालं की तीही गेली. तुमच्याकडे निघताना मेन बंद करायची पद्धत नसेल तर मी मिशी उतरवून देईन. पतसंस्थेत वीजबिलावरून सभेत बोलणी खावी लागतात, मला माहीत आहे.

मेन चालू असूनही दिवा नसेल तर बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) 'ईआरपी' किंवा 'डीप स्लीप' नावाचं काहीतरी सापडेल. युरोपातल्या वीजबचतीच्या नियमाची ही देणगी. २०१३ पासून तिथे बंद उपकरणाने साधारण अर्ध्या वॅटच्या वर खायचं नाही, म्हणून मदरबोर्ड कार्डाचीही वीज तोडतो. तो पर्याय बंद करा. दिवा जळतोय पण पीसी उठत नाही, असं असेल तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून 'शट डाउन' म्हणजे खरं बंद नव्हेच, अर्धवट हायबरनेट आहे, आणि त्या अवस्थेत जाताना विंडोज कार्डाला 'जागा राहा' असं सांगत नाही. तेही काढा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर तिन्ही टिक करा. तिसरी, 'फक्त मॅजिक पॅकेटनेच उठव' ही विसरलात तर नेटवर्कवरच्या कुठल्याही फालतू चौकशीने पीसी रात्री दोनला चालू होतात आणि वॉचमन मारुतीरायाचं नाव घेत बाहेर येतो. अ‍ॅडव्हान्स्ड टॅबवर वेक ऑन मॅजिक पॅकेट चालू, रिअलटेकचं कार्ड असेल तर शटडाउन वेक ऑन लॅनही. वायफायवरच्या पीसीचा नाद सोडा.

शाखांचं थोडक्यात. मॅजिक पॅकेट म्हणजे सहा वेळा एफएफ आणि पुढे त्या कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा ओळख क्रमांक) सोळा वेळा, एकूण १०२ बाइट. ते ब्रॉडकास्टने, म्हणजे नेटवर्कवरच्या सगळ्यांना एकदम, जातं, आणि बाहेरून आलेलं ब्रॉडकास्ट राउटर आत सोडत नाहीत. १९९९ सालापासून प्रमाणच तसं आहे. प्रत्येक शाखेत कायम चालू राहणारं एक छोटं यंत्र ठेवा, त्याच्यावर लॉगिन करून तिथूनच पॅकेट सोडा. पोर्ट फॉरवर्डिंगचे व्हिडिओ बघून डोकं खाजवत बसू नका.

आता अलर्ट.

२००८ च्या सुमाराची गोष्ट. भोसरीत गाड्यांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी, साठेक डेस्कटॉप, आणि मी तिथला एकुलता एक सिस्टिम अ‍ॅडमिन. वय चोवीस. पीसीमधून रॅम गायब व्हायची. महिन्या-दोन महिन्यांनी कोणीतरी तक्रार करायचं की मशीन संथ झालंय, उघडून बघावं तर दोनपैकी एक पट्टी नाही. आमचे साहेब, म्हणजे प्लांटचे अ‍ॅडमिन मॅनेजर, चिडलेले. कॅमेऱ्यांचं बजेट नामंजूर झालेलं.

त्या पीसींमध्ये ब्रॉडकॉमची कार्डं होती आणि त्यांच्यात एएसएफ होतं. अलर्ट स्टँडर्ड फॉरमॅट; डीएमटीएफ या संघटनेचं प्रमाण, पहिली आवृत्ती २००१ ची, दुसरी २००३ ची. कल्पना भारी होती. पीसी बंद असला, विंडोज मेलं असलं, तरी कार्ड स्वतः बोर्डावरचे सेन्सर चाळत राहतं आणि पंखा थांबला, तापमान चढलं, झाकण उघडलं की थेट निरोप पाठवतं. कार्डाच्या स्वतःच्या स्मृतीत कन्सोलचा, म्हणजे निरोप घेणाऱ्या पीसीचा, आयपी लिहून ठेवायचा, कम्युनिटीचं नाव (निरोपासोबत जाणारा परवलीचा शब्द) टाकायचं, सेन्सर किती वेळाने तपासायचे ते ठरवायचं. साठ मशीनवर एकेक करून हे केलं. भोसरीला साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. माझे सलग दोन गुरुवार त्यात गेले. सर्व्हर रूममध्ये यूपीएसवर एक जुना पीसी कन्सोल म्हणून ठेवला, त्याचा आयपी पक्का केला. कार्डाला तोच पत्ता ठाऊक असतो, कन्सोलचा आयपी बदलला की साठही कार्डं हवेत बोलणार. तिथला नेटवर्क स्विचही यूपीएसवर होता. हे मी नीट केलं होतं, याचा अभिमान आजही आहे.

चाचणी घेतली. माझ्याच पीसीचं झाकण सरकवलं आणि काही सेकंदांत कन्सोलवर ओळ उमटली: सेन्सर प्रकार ५, फिजिकल सिक्युरिटी. साहेबांना बोलावून दाखवलं. ते खूश होऊन म्हणाले, "आता सापडला म्हणून समज."

तीन आठवड्यांनी एका शुक्रवारी सकाळी येऊन बघतो तर स्टोअर्स विभागातल्या तीन मशीनचे अलर्ट. वेळ ७:४०. तिन्हींतून एकेक पट्टी गेलेली.

सकाळी ७:४० ला ऑफिसात एकच माणूस असायचं. झाडू-फरशीला येणाऱ्या मावशी. कंत्राटदाराकडून यायच्या, आठ वर्षं. किल्ली गेटवरून घ्यायच्या, भिंतीवरचे सगळे बोर्ड चालू करायच्या, पंखे लावायच्या आणि कामाला लागायच्या.

साहेबांनी मला लॉगचा प्रिंट काढायला सांगितला. मी काढला. मावशींना केबिनमध्ये उभं केलं, कंत्राटदार शेजारी. त्या मला म्हणाल्या, "दादा, तो डबा उघडतात कुठून ते तरी दाखवा मला." मी खाली बघत होतो. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "लॉग खोटं बोलतो का रे?"

मी म्हणालो, "नाही साहेब."

शनिवारपासून दुसरी बाई यायला लागली.

पुढच्या गुरुवारी मी त्या तीन मशीनमध्ये नवीन पट्ट्या बसवायला गेलो. शिस्तीत, म्हणजे आधी पॉवर केबल काढून. अकरा वाजता पहिलं झाकण उघडलं, पट्टी बसवली, झाकण लावलं, आणि चहाला गेलो. परत येऊन केबल खोचली, भिंतीवरचं बटण दाबलं, मशीन चालूही केलं नाही. सर्व्हर रूममध्ये सहज डोकावलो तर कन्सोलवर ताजा अलर्ट: झाकण उघडलं, वेळ ११:२५.

मी तिथेच स्टुलावर बसलो.

झाकण उघडल्याची नोंद चिपसेटच्या ज्या भागात होते तो घड्याळासारखाच बोर्डावरच्या नाण्याएवढ्या बॅटरीवर चालतो. मेन बंद असलं तरी त्याला आठवतं. पण निरोप पाठवणाऱ्या कार्डाला स्टँडबाय वीज लागते. वीज नाही तोवर कार्ड मुकं. ज्या क्षणी कोणी भिंतीवरचं बटण दाबेल त्या क्षणी ते जागं होणार, साठवलेली नोंद बघणार आणि ओरडणार. निरोपात घटनेच्या वेळेसाठी रकाना असतो, पण आमची कार्डं तो कोराच पाठवायची, म्हणून कन्सोल निरोप मिळाल्याची वेळ छापायचा. मी ती उघडल्याची वेळ म्हणून वाचली.

बुधवारी रात्री आठला वॉचमन मामांनी नेहमीसारखं मेन बंद केलं होतं. तिथून शुक्रवारी सकाळी ७:४० पर्यंत, जवळजवळ ३६ तास, झाकण कधीही उघडलेलं असू शकत होतं. आणि मधला गुरुवार सुट्टीचा, म्हणजे आमच्याकडे दुरुस्तीचा दिवस. त्या गुरुवारी रंगारी आले होते, इलेक्ट्रिशियन होते, एएमसीची (देखभालीच्या कंत्राटाची) दोन मुलं होती, आणि मीही होतो. मावशींनी शुक्रवारी फक्त बटण दाबलं होतं. जी बाई रोज सगळ्यात आधी येऊन दिवे लावते, तिच्याच नावावर प्रत्येक चोरी पडेल अशी व्यवस्था मी दोन गुरुवार खर्चून उभी केली होती.

साहेबांकडे गेलो, कागदावर आकृती काढून समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "कंत्राट बदललंय. आता तो विषय नको." चूक कळली नाही असं नाही. कळूनही मागे फिरायचं नव्हतं. मीही जास्त ताणलं नाही. पर्मनंट व्हायचं होतं. रॅम कोणी काढली ते आजतागायत कोणाला माहीत नाही.

आमच्या जुन्या सहकाऱ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. साहेब निवृत्त झालेत, ग्रुपवर जोरात आहेत. दर दिवाळीला आठवणी निघाल्या की ते लिहितात, "आपल्या पोराने अलर्ट लावून चोर पकडला होता." खाली अंगठे आणि टाळ्या. इतकी वर्षं मी तिथे गप्प आहे.

तर तुमच्या प्रश्नाकडे. आज एएसएफच्या मागे लागू नका, नव्या डेस्कटॉपमध्ये ते शोधूनही मिळणार नाही. तुमचे पीसी व्हीप्रोवाले (इंटेलचे ऑफिससाठीचे) असतील तर इंटेलचं एएमटी, म्हणजे पीसी लांबून सांभाळायची बोर्डातलीच सोय, बघा: बंद मशीन चालू करणं, बायॉसपर्यंतचा पडदा लांबून बघणं, घटनांची नोंद, सगळं आहे, आणि त्याला मॅजिक पॅकेट लागत नाही. मात्र ते बोर्डावरच्या इंटेलच्या कार्डावरूनच चालतं, बाजारातून आणून खोचलेल्या कार्डावरून नाही. व्हीप्रो किंवा तसं काही नसेल तर बंद पीसीचे अलर्ट विसरा. चालू पीसीवर एखादा साधा एजंट टाका आणि त्यावर समाधान माना.

एएमटी चालू करणार असाल तर हे आधीच लिहायला हवं होतं: सुरुवातीचा पासवर्ड बहुतेक मशीनवर 'अ‍ॅडमिन' असतो आणि लोक तो तसाच ठेवतात. पीसीसमोर एक मिनिट बसायला मिळालेला कोणीही कंट्रोल-पी दाबून आत जातो आणि पुढे लांबून कारभार बघतो. तुम्ही वापरणार नसलात तरी पासवर्ड बदला. २०१७ च्या मे महिन्यात याच एएमटीत असं भोक सापडलं होतं की पासवर्डच्या जागी रिकामं उत्तर पाठवलं तरी दार उघडायचं. पीसी त्याआधीचे असतील तर फर्मवेअर अपडेट झालंय का ते तपासा. १६९९२ ते १६९९५ ही पोर्टं बाहेरच्या जगाला दिसता कामा नयेत. पतसंस्था आहे तुमची, लोकांचे पैसे आहेत.

आणि झाकणाचा अलर्ट लावलाच, तर तो ज्या स्विचवर येतो त्या स्विचचाही लॉग ठेवा. पोर्टचा लिंक कधी वर आला, म्हणजे त्या पीसीच्या कार्डाला वीज कधी मिळाली, ते त्यात असतं. लिंक वर आल्यापासून मिनिटभरात अलर्ट आला असेल तर त्या वेळेला काडीची किंमत नाही. शिवाय हे निरोप यूडीपीवरून १६२ पोर्टवर जातात, पोच नाही, सही नाही, आणि कम्युनिटीचं नाव 'पब्लिक' असलं तर तुमच्याच नेटवर्कवरचा कोणीही तसा निरोप बनवून पाठवू शकतो. पंखा बदलायला, मशीन उघडून बघायला अलर्ट पुरेसा आहे. कोणाला केबिनमध्ये उभं करायला नाही, मग साहेब कितीही घाईत असोत.

तुमच्याकडे सकाळी मेन कोण चालू करतं, ते मला कमेंटमध्ये सांगा. तोवर मी या उत्तराची लिंक त्या ग्रुपवर टाकतो.