आजोबा, नातू आणि "बस बारह पीस"

"मॅडम, टीव्हीवर जे खेळणं दिसेल ते पाहिजेच म्हणतो, नाही म्हटलं की जमिनीवर लोळतो, हा हट्ट मोडायचा कसा?" माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांपैकी महिन्यातून तीन-चार जण तरी हे विचारतातच. त्यातल्या एका घराची गोष्ट सांगते (ओळख पटेल असं सगळं बदललंय), कारण तिथे आधी मीच चुकले होते.

आमच्या इंदूरचंच कुटुंब, सुदामा नगरचं. आई-बाबा दोघं नोकरीला, मुलगा सहा वर्षांचा, दीडला शाळेतून आला की संध्याकाळपर्यंत घरात तो आणि आजोबा. आजी दोन वर्षांपूर्वी गेल्या. जेवण झालं की आजोबा टीव्ही लावतात आणि फिरून फिरून एका शॉपिंग चॅनेलवर येऊन थांबतात. आई माझ्याकडे आली ती मोबाईलमध्ये फोटो घेऊनच, दिवाणाखाली कोंबलेले खोके, चार महिन्यांत अकरा! सगळे कॅश ऑन डिलिव्हरी, सगळे आजोबांच्या पेन्शनमधून.

त्यात एक भिंतीवर चढणारी रिमोटची गाडी होती. टीव्हीत ती काचेवरून सरसर जाते. घरी वीतभर चढली आणि रंगाचा पोपडा घेऊन खाली आली. या गाडीच्या पोटात पंखा असतो, तो खालची हवा ओढून तिला चिकटवून धरतो, पण भिंत खरबरीत असली की बाजूने हवा शिरते आणि संपलं. काचेवर दाखवतात ते उगाच नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल २०२२ ची सरकारी नियमावली आहे, तिच्यात स्पष्ट लिहिलंय की मुलांच्या मनात भलत्या अपेक्षा तयार होतील इतकं वस्तूला फुगवून दाखवू नका. आता हे दुपारी दोन वाजता कोण बघायला बसतंय!

मी काय सांगितलं तर चॅनेल लॉक करा. पुस्तकी सल्ला. सूनबाईंनी केलं, आजोबांना न विचारता. मुलगा दोन दिवस रडला, तिसऱ्या दिवशी मोबाईल मागायला लागला, आणि आजोबा चहाला सुद्धा खोलीबाहेर येईनात. "माझ्याच घरात मला कुलूप?" एवढंच म्हणाले म्हणे.

मग मी दोघांना एकत्र बोलावलं, आजोबा आणि नातू.

पाच मिनिटांत पोराने माझा स्टेपलर उचलला, खुर्चीवर चढला आणि सुरू, "नमस्कार दोस्तों! सिर्फ आज के लिए! बस बारह पीस बचे हैं, फोन उठाइए!" आणि आजोबांनी खरंच फोन धरल्यासारखा हात कानाशी नेला, "हां जी, बुक कर दीजिए, पता लिखिए." म्हणजे हा खेळ घरी रोज चालत असणार. स्टेपलर, पेन स्टँड, माझा चष्मा, सगळं विकून झालं आणि जाताना एकही वस्तू त्याने मागितली नाही. मी बघतच राहिले.

आजोबांना विचारलं, इतकं मागवता कशाला हो काका? तर म्हणे, "डबा आला की तो धावत माझ्याकडे येतो. आणि ती फोनवरची मुलगी नीट बोलते हो, काकाजी काकाजी करते."

आता यात हट्टी कोण आणि हट्ट कसला, सांगा.

साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मुलाला हे कळतच नाही की समोरचा माणूस आपल्याला विकायला बोलतोय, त्याला ती खरी माहिती वाटते. स्वीडनने १९९१ पासून बारा वर्षांखालच्या मुलांसाठीच्या टीव्ही जाहिराती बंदच केल्यात. त्यामुळे सहा वर्षांच्या पोराला "अरे ते फसवतात" म्हणून उपयोग शून्य. पण घड्याळ आणि आकडे त्याला कळतात. आजोबा आयुष्यभर हिशेबाच्या खात्यात होते, म्हटलं एक वही करा, रोज किती वाजता किती पीस उरले ते नातू सांगेल, तुम्ही लिहा. लॉक काढलं. तिसऱ्या दिवशी पोरगं ओरडलं, "आजोबा, हे बारा तर काल पण उरले होते!" तेच रेकॉर्डिंग, तोच शर्ट, तेच उलटं पळणारं घड्याळ. सूनबाई सांगत होत्या की आजोबा आधी हसले, मग बराच वेळ वहीच चाळत बसले.

एका बाबतीत मात्र मी खेळबीळ काही केलं नाही. खोक्यांमध्ये बारीक लोहचुंबकाच्या गोळ्यांचा सेट होता, तो त्याच दिवशी घराबाहेर. दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या वळ्यांतून एकमेकांना ओढतात आणि भोक पाडतात. बटण सेल, म्हणजे खेळण्यांतली नाण्यासारखी चपटी बॅटरी, तर त्याहून वाईट, अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत जाळतो, वाट न बघता दवाखाना गाठायचा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यावर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. अकरातल्या सात खोक्यांवर तो नव्हताच.

मग ठरलं, महिन्याला एकच ऑर्डर, ती पण रात्र उलटल्यावर आणि वहीत दोघांच्या सहीने. मधल्या काळात रिकामा खोका कापून टीव्ही झाला, त्यात तोंड घालून पोरगं आईच्या कुकरची शिट्टी ४९९ ला विकतं. बुधवारी दोघं राजवाड्याला जातात, बुधनी गावचा लाकडी भोवरा आणलाय, आजोबांना अजून त्याला जाळी (दोरी) गुंडाळता येते. लोळणं संपलं का? नाही, परवा भुट्ट्याच्या (मक्याच्या कणसाच्या) किसासाठी लोळला, पण ते कोणीही लोळेल.

मागच्या आठवड्यात आजोबांचा फोन. चॅनेलच्या त्या फोनवरच्या मुलीने स्वतः फोन केला होता, "काकाजी, बहुत दिन से कुछ मंगाया नहीं."

"मग?"

"म्हटलं, बेटा, अभी हमारा खुद का चॅनल चालू है." तिला काय कळलं असेल देव जाणे. पण दहा मिनिटं बोलले म्हणे, तिच्या गावाबद्दल, आणि काही मागवलं नाही.