नवी थार घेतली आहे. सह्याद्रीत फिरायला दोन इंची लिफ्ट (सस्पेन्शनमधून गाडीची उंची वाढवणं) टाकावी का, की कंपनीचं सस्पेन्शनच पुरे?

टाकू नका. निदान पहिला पावसाळा तरी गाडी आहे तशीच चालवा. तुम्ही लिहिलंय की गॅरेजवाला म्हणाला, "लिफ्टशिवाय घाटात मजा नाही." त्याला स्पेसर, म्हणजे उंची वाढवायला स्प्रिंगवर बसवायचे ठोकळे, विकायचे आहेत. त्याची मजा वेगळी, तुमची वेगळी.

आमच्या घरात हा वाद वर्षानुवर्षं चालू आहे, म्हणून एवढं लिहायला बसलो. माझ्याकडे जिप्सी आहे. पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) मूळचे, उंची मूळची. आमच्या दाजींकडे जुनी सीआरडीई (डिझेल) थार, २०१० ला आली त्या पिढीतली. पुढे टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा), मागे पाटे. शिवाय २०१५ च्या आधीचं मॉडेल, त्यामुळे मागे लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरायला लावणारी सोय) नाही. दाजींनी टॉर्शन बारचे बोल्ट आवळून गाडीचं नाक उचललं, मागे लांब शॅकल (पाटे चॅसीला जोडणाऱ्या पट्ट्या) टाकले आणि वर जाडजूड मड टायर चढवले. उभी असली की गाडी दिसायची झकास, नाकारत नाही. घरातल्या प्रत्येक लग्नात तिच्यासमोर फोटो निघायचे आणि पंगतीत बसलं की दाजी माझ्या जिप्सीला "ठाण्यातून लिलावात घेतलेली" म्हणायचे. (लिलावातली नाही. पण असती तरी काय बिघडलं?)

तर एका पावसाळ्यात वेल्ह्याच्या पुढे, केळदच्या बाजूला ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे आम्ही दोन गाड्या घेऊन निघालो. शेवटचा टप्पा म्हणजे ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोऱ्या आणि मधे एक ओढा. ओढ्यात उतरायचं तिरकं, चढायचंही तिरकं. दाजी अर्थातच पुढे. पलीकडे चढताना पुढचं डावं चाक उचललं आणि त्याच वेळी मागचं उजवं हलकं पडलं. दोन्ही डिफरन्शिअल (डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणारे गिअर) ओपन, म्हणजे लॉक न होणारे, त्यामुळे इंजिनाचा सगळा जोर त्या दोन मोकळ्या चाकांनाच. ती गरगर फिरतायत आणि गाडी जागची हलत नाही. दाजी रेस देतायत, दिदी खिडकीतून "अहो, पुरे" म्हणतेय.

मी खाली वाकून पाहिलं. हवेतलं चाक जेमतेम दोन बोटं खाली लोंबलं होतं, त्याच्या पुढे जायला जागाच नव्हती. चाक धरणारा आर्म आधीच खालच्या स्टॉपरला टेकलेला. टॉर्शन बार आवळून जी उंची मिळते ती फुकटची नसते, चाकाला खाली जायला जी जागा असते तीच खाऊन ती मिळते. खड्ड्यात चाक जितकं खाली जाईल तितकं ते जमिनीला धरतं, आणि नेमकं तेच दाजींनी बोल्ट आवळून विकलं होतं. पुढच्या चाकाला फिरवणाऱ्या दांड्याच्या जॉइंटवरचं रबरी आवरण, म्हणजे बूटही फाटलेला होता, ग्रीसचे काळे शिंतोडे रिमच्या आतून गोल उडालेले. मी ओरडून सांगेपर्यंत दाजींनी स्टिअरिंग पूर्ण फिरवून पुन्हा रेस दिली आणि आतून कट्ट असा आवाज आला. संपलं.

दाजींना शेवटी त्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरने बाहेर काढलं. मी टायरची हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवली, थोडं वरच्या अंगाला ओढा पसरट होता तिथून लो रेंजमध्ये (कमी वेग, जास्त जोर) पहिल्या गिअरवर पलीकडे गेलो. दाजी आजही म्हणतात, "तू सोपी वाट घेतलीस." हो, घेतली! सोपी वाट शोधता येणं यालाच ऑफ-रोडिंग म्हणतात. अवघड वाटेवर अडकून रेस देणं कुणालाही जमतं.

आता तुमच्या गाडीकडे येतो. २०२० नंतरच्या थारला कंपनीच २२६ मिमी क्लिअरन्स (जमिनीपासून पोटाची उंची) देते, अप्रोच अँगल (नाक न टेकता चढता येणारा उतार) ४१ अंशांच्या वर, आणि ६५० मिमी पाण्यातून जाण्याची परवानगी. सह्याद्रीतल्या ज्या वाटांवर सर्वसाधारण माणूस जातो, तिथे हे भरपूर झालं. शिवाय मागचा अॅक्सल अखंड आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्यावर. त्याचं हौसिंग, म्हणजे दगडावर आपटणारी सगळ्यात खालची वस्तू, लिफ्टने एक मिलिमीटरही वर जात नाही. चॅसी वर जाते, हौसिंग चाकाबरोबर तिथेच राहतं. ते वर जातं फक्त मोठ्या टायरने, आणि तेही निम्म्याने: ३१ इंची टायर काढून ३३ इंची घातला तर हौसिंगखाली एक इंच वाढतो. लोक हे न बघताच पैसे मोजतात.

पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे, म्हणजे प्रत्येक चाक वेगळं वरखाली होतं. तिथे वर स्पेसर बसवला की चाक पूर्ण खाली जाताना ड्राइव्ह शाफ्टचे (चाक फिरवणाऱ्या दांड्याचे) जॉइंट कंपनीने धरलं होतं त्यापेक्षा जास्त वाकतात. मग बूट फाटतात, मग जॉइंट जातात. कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन) बदलला की वळणानंतर स्टिअरिंग नीट सरळ येत नाही. गाडी उंच झाली की एक्सप्रेसवेवर लेन बदलताना ती किती झुकते हे घरच्यांना विचारा, त्यांना आधी कळतं.

तेच पैसे आधी चांगल्या ऑल-टेरेन टायरला घाला. मग हवा उतरवायचं-भरायचं साहित्य, ओढायचा पट्टा आणि तो अडकवायला मजबूत हुक. तुमच्या व्हेरिएंटला मागे लॉकिंग डिफरन्शिअल आहे का ते आधी बघा. नसेल तर लिफ्टच्या आधी त्याचा विचार करा. फोर्स कंपनी गुरखा गाडीला मागे-पुढे दोन्हीकडे लॉकर देते ते उगीच नाही.

आणि आरटीओ. मोटार वाहन कायद्याचं, गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ आहेच, त्यावर २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने निर्माता कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा गाडीत बदल करता येणार नाही असं सांगितलं. अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअर आधी खाली वाकूनच बघतो.

आता दुसरी बाजू, नाहीतर खाली कॉमेंटमध्ये मारामारी होईल. लिफ्ट मुळातच वाईट असं मी म्हणत नाही. बांधावरून जाताना पोट टेकत असेल किंवा मोठे टायर बसवायचेच असतील तर ती लागते. गोव्यात २०१४ पासून होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांत मूळ उंचीवर उतरून काही हाताला लागणार नाही. जिप्सी किंवा जिम्नीसारख्या दोन्हीकडे अखंड अॅक्सल असलेल्या गाडीला ती जास्त मानवते. पण मग मापाच्या स्प्रिंगा, लांब शॉक अॅब्सॉर्बर, लांब ब्रेक होज, सगळा संच एकत्र घ्या, आणि अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या. माझी जिप्सी टनभर वजनाची आहे, त्याचाही मला त्या ओढ्यात फायदा झाला, हेही मान्य.

कुणाची लिफ्ट केलेली गाडी सेकंडहँड घेत असाल तर चॅसीला जॅक लावा आणि पुढचं चाक किती खाली येतं ते मोजा. दोन बोटंच आलं तर घरी परत या.

दाजी, तुम्ही इथे वाचता हे मला माहीत आहे. ते बोल्ट सैल केलेत का, एवढंच खाली लिहा.