डेंग्यूचा दाखला नको

"मावशी, मी दांडिया बाजारात राहते. बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स झालं, सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमेस्टरची सरासरी, ५.७. तिसऱ्या सेमला दोन एटीकेटी आल्या, म्हणजे दोन पेपर राहिले. पुढे सुटल्या, पण आईला एकच माहीत आहे. आजारपण वगैरे काही नव्हतं, गरबा होता. एका मंडळाच्या ऑर्केस्ट्रात गात होते, ऑगस्टपासून रोज रात्री प्रॅक्टिस. चौथं सेम त्याच्या मागोमाग गेलं. आता एम.एस्सी. करायचंय. मैत्रीण म्हणते, ओळखीच्या डॉक्टरकडून डेंग्यूचा दाखला घे आणि अर्जाला जोड. आई म्हणते, पुरे झालं, बी.एड. कर. मला कुणी दारात तरी उभं करेल का?"
– एक गाणारी, बडोदा

अगं गाणारे,

मार्कशीटचे फोटो पाठवलेस ते बरं केलंस. ५.९, ५.६, ४.३, ४.७, ६.६, ७.१. हे सहा सेमचे सहा आकडे मी वीजबिलाच्या पाठीवर एकाखाली एक लिहिले आणि तुझा रागच आला. स्टॅटिस्टिक्सची मुलगी ना तू? सरासरी पोटात काय काय लपवते ते मी तुला सांगायचं? ५.७ हा आकडा म्हणतो, मुलगी बेताची आहे. ते सहा आकडे म्हणतात, मुलगी पडली आणि जिथून पडली त्याच्याही वर चढली.

मी तीस वर्षं शिकवलं, त्यातली बरीच अर्जांच्या गठ्ठ्यांत गेली. वाचणाऱ्याला खड्डा दिसतोच. मग तो नजर खाली नेतो आणि शेवटची दोन सेमं बघतो. तुझे रिग्रेशन आणि सॅम्पलिंगचे पेपर तिथे आहेत, चांगले आहेत. अर्जाची सुरुवात त्यांच्यापासून कर.

दाखल्याचं नाव काढू नकोस. खोटा कागद उघडकीला आला तर मिळालेला प्रवेशसुद्धा जातो. शिवाय ज्या सरांकडे शिफारसपत्र मागशील, त्यांनी तुला माईक धरून उभी पाहिलेली असायची. नवरात्रात बडोद्यात घरी बसतं कोण!

कारण लिहायचंच तर दोन वाक्यांत लिही: "तिसऱ्या सेममध्ये मी अभ्यासापेक्षा गाण्याच्या कार्यक्रमांना जास्त वेळ दिला आणि दोन पेपर राहिले. ते मी पुढे सोडवले, आणि माझी आताची तयारी पाचव्या-सहाव्या सेमच्या गुणांत दिसेल." इंग्रजीत लिहिशील तेव्हाही एवढंच. माफी नको, रडगाणं नको. आमच्याकडे एका मुलाचं तीन पानी पत्र आलं होतं: घरातली भांडणं, पेपर तपासणाऱ्याचा आकस, सगळं. त्याचे मार्क काही वाईट नव्हते गं. पत्रानेच घात केला.

शिफारसपत्रासाठी मोठ्या नावामागे धावू नकोस. ज्या सरांचा पेपर तू सहाव्या सेममध्ये चांगला सोडवलास त्यांच्याकडे जा, मार्कशीट लपवू नकोस, आणि विचार, "सर, माझ्याबद्दल चांगलं लिहिता येईल का तुम्हाला?" त्यांनी चष्मा पुसायला घेतला, की समजायचं आणि दुसऱ्या केबिनचं दार ठोठवायचं.

जिथे ५५ किंवा ६० टक्क्यांची अट स्पष्ट छापली आहे, तिथे विनंतीअर्ज करून फीचे पैसे घालवू नकोस. मात्र सीजीपीएवरून टक्के काढताना आपल्या युनिव्हर्सिटीचं सूत्र वापर. साडेनऊने गुणायचं ते सीबीएसईच्या दहावीचं गणित होतं, पदवीलाही मुलं तेच लावतात आणि मग फॉर्म बाद होतो.

जुने मार्क बदलणार नाहीत, पण त्यांच्याशेजारी नवीन ठेवता येतात. एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर, प्रोबॅबिलिटीचा कोर्स कर. शिकणं फुकट आहे, पैसे फक्त परीक्षेचे. निकालात २५ टक्के असाइनमेंटचे आणि ७५ टक्के केंद्रावर बसून दिलेल्या परीक्षेचे असतात, म्हणून त्या कागदाला वजन आहे. आणि जॅम या एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षेचा मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा पेपर दे: तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. त्यात गणितही असतं, तेव्हा कॅल्क्युलस उघडावं लागेल. जॅमच्या गुणांवर आयआयटीत एम.एस्सी.ला जाता येतं, फक्त त्या त्या संस्थेची पात्रता आधी नीट वाच.

पुढे नेटला, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेला, बसायचं ठरवलंस, तर तिथे खुल्या गटाला ५५ टक्के लागतात ते एम.एस्सी.चे. बी.एस्सी.चे कुणी विचारत नाही.

बी.एड. वाईट नाही, पण तुला शिकवायचंय असं पत्रात कुठेच दिसत नाही. आईशी त्यावर बोलण्याआधी ती दुसरी एटीकेटी सांगून टाक. रागावेल, संध्याकाळभर बोलणार नाही, रात्री पोळ्या लाटताना विचारेल की मग आता पुढे काय. तेव्हा हातात या वर्षाचं वेळापत्रक असू दे.

आणि ऑगस्टमध्ये मंडळाचा फोन येईलच. जॅमचा फॉर्म नवरात्राच्या आसपास असतो आणि परीक्षा फेब्रुवारीत. नऊ रात्री खुशाल गा, मी ऐकायला येईन. पण दोन महिन्यांच्या प्रॅक्टिसला येणार नाही, हे त्यांना आजच कळव. नाही चाललं तर कोरसला दुसरी शोधतील.

– मावशी