एका अक्षराने फेरी गेली: वेगाचं नंतर बघू

क्रिप्टिक शब्दकोड्यांच्या स्पर्धेबद्दलची तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि बराच वेळ झोप लागली नाही. २८ पैकी २७ क्लू बरोबर, एका होमोफोनमध्ये (उच्चार एक, स्पेलिंगं दोन) ‘आय’च्या जागी ‘ई’, आणि तेवढ्यासाठी पुढची फेरी गेली. त्यावर तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: वेग कसा वाढवायचा, आयोजकांना मेल लिहावी का, आणि कोडी म्हणजे जुगार म्हणणाऱ्या सासऱ्यांना काय सांगायचं. ॲनाग्रॅम, कंटेनर, रिव्हर्सल हे क्लूचे बाकीचे प्रकार तुम्हाला येतातच, नाहीतर २७ आले नसते. त्यात शिरत नाही.

आधी वेगाचं. तुमची फेरी वेगामुळे गेलेली नाही. माझीही नव्हती गेली.

दहा-बारा वर्षं झाली असतील. मुंबईत एक स्पर्धा होती, हॉलमध्ये बसून कागदावर सोडवायची. ३० क्लू, ४५ मिनिटं. आधी अचूकता बघायची, बरोबरी झाली तर वेळ. पहिले सहा जण अंतिम फेरीत. तोवर मी सात-आठ वर्षं डोंबिवलीच्या गाडीत रोज इंग्रजी पेपरातलं क्रिप्टिक सोडवत होते आणि बहुतेक दिवशी दादर यायच्या आत चौकट भरलेली असायची. त्या दिवशी ३१व्या मिनिटाला मी पेपर देऊन बाहेर आले. माझ्या आधी फक्त दोघं उठले होते. बाहेर उभी राहून मी घरी फोन केला, की झालं बहुतेक.

क्लू अजून शब्द न् शब्द आठवतो. ‘पेपर, स्टिल ऑन द रेडिओ (१०)’. कंसातला आकडा उत्तरातल्या अक्षरांचा. ‘पेपर’ ही डेफिनिशन, म्हणजे उत्तराचा सरळ अर्थ; बाकीचा वर्डप्ले, म्हणजे तेच उत्तर घडवणारा शब्दखेळ. ‘स्टिल’ म्हणजे न हलणारी, जागच्या जागी असलेली, म्हणजे स्टेशनरी, ‘ए’वाली. ‘ऑन द रेडिओ’ म्हणजे तो शब्द नुसता कानाने ऐकायचा. ऐकलेलं पुन्हा लिहिलं की कागद-पाकिटांची स्टेशनरी मिळते, ‘ई’वाली. स्वच्छ क्लू आहे, सेटरकडे, म्हणजे कोडं रचणाऱ्याकडे, बोट दाखवायला जागा नाही. मी ‘ए’ लिहिला. दहा अक्षरांतलं आठवं घर, आणि त्या घरातून एकही उभा शब्द जात नव्हता. त्यामुळे माझी चूक दाखवून देणारं चौकटीत दुसरं काहीच नव्हतं.

उत्तरपत्रिका भिंतीवर लावली तेव्हा माझा आधी विश्वासच बसला नाही. मी अकरावी आले. सहाव्या क्रमांकावर जे गृहस्थ होते त्यांनी ४४व्या मिनिटाला पेपर दिला होता, ३० पैकी ३०. माझ्या हातात १४ मिनिटं होती आणि ती मी टेबलावर सोडून आले होते.

मला स्पेलिंग येत नव्हतं असं नाही. एन्व्हलपचा ‘ई’ म्हणून स्टेशनरीचा ‘ई’, ही खूण शाळेतच बाईंनी शिकवली होती. मग ‘ए’ का लिहिला गेला? यावर मी फार विचार केला आहे, आणि तुमचंही हेच झालं असावं असा माझा अंदाज आहे. होमोफोन सोडवताना डोकं आधी कच्चा माल शोधतं. ‘स्टिल’वरून ‘ए’वाला शब्द सापडला, दहा अक्षरं जुळली, आनंद झाला, आणि हाताने तोच लिहून टाकला. तो शब्द उत्तर नव्हताच. तो उत्तरापर्यंत नेणारा शब्द होता. मधली पायरी चढले आणि तिथेच थांबले. तुमच्या क्लूमध्ये उत्तर स्तुतीवालं कॉम्प्लिमेंट होतं आणि तुम्ही पूरकवालं लिहिलंत, म्हणजे अगदी हीच गोष्ट.

मराठीत शिकलेल्यांना हे जास्त नडतं असं माझं ठाम मत आहे (मत आहे, पुरावा माझ्या आजूबाजूच्या आठ-दहा सोडवणाऱ्यांचा). आपल्याकडे जे ऐकू येतं तेच जवळजवळ लिहिलं जातं. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘पाणि’ आणि ‘पाणी’, ‘सुत’ आणि ‘सूत’, अशा ऱ्हस्व-दीर्घाच्या जोड्या सोडल्या तर मराठीत होमोफोनचा क्लू रचायला हातात फारसं काही येत नाही. वरचे दोन्ही इंग्रजी शब्द मी देवनागरीत एकाच तऱ्हेने लिहिलेत, बघा. आपल्या मनात ते तसेच, एकच शब्द म्हणून राहतात. इंग्रजी माध्यमात वाढलेल्या माझ्या भाचीला दोन वेगळे शब्द दिसतात, मला एक आवाज येतो. म्हणून होमोफोनला आपण थांबून, दोन्ही स्पेलिंगं समासात लिहूनच पुढे जायचं. पाच सेकंद जातात. जाऊ द्यात.

त्या दिवसानंतर मी एकच सवय लावून घेतली. क्लू पूर्ण उलगडला, म्हणजे डेफिनिशन कुठली, वर्डप्ले कुठला, आणि क्लूमधला एकही शब्द उरत नाही, असं झालं तरच क्लूच्या आकड्यावर बरोबरची खूण करते. अक्षरं जुळतात, अर्थ लागतो, पण घडण नीट सांगता येत नाही, तर आकड्याशेजारी टिंब देते. उत्तर लिहितेच, चौकट अडवून ठेवत नाही. पण टिंब पुसल्याशिवाय पेपर देत नाही. आणि होमोफोनला कितीही खात्री वाटली तरी आधी टिंब. ऑनलाइन फेरीत समोर खूण करता येत नाही म्हणून बाजूला कागद ठेवते, त्यावर १ ते ३० आकडे आधीच मांडलेले. (जाता जाता: फोनवर सोडवत असाल तर टाइप करताना कर्सर भरलेल्या घरांवरून उडी मारतो की त्यावरच लिहितो, हे फेरीआधी सरावाच्या कोड्यावर तपासा. माझ्या ओळखीच्या एकाचे दोन शब्द असेच पुसले गेले आणि त्याला कळलंही नाही.)

वेगाचं वेड काय करतं याचं माझ्या दृष्टीने सगळ्यात बोलकं उदाहरण जानेवारी १९४२चं आहे. लंडनच्या डेली टेलिग्राफचं कोडं फार सोपं झालंय अशी कुरकुर वाचकांत चालली होती. एकाने १०० पौंड देऊ केले: १२ मिनिटांच्या आत कुणी सोडवलं तर ही रक्कम धर्मादाय कामाला द्या. मग वर्तमानपत्राने फ्लीट स्ट्रीटच्या कचेरीत वाचकांना बोलावून स्पर्धाच घेतली. सगळ्यात आधी ज्याने कागद ठेवला त्याची वेळ सहा मिनिटांच्या जरा वर होती. तो बाद झाला, कारण एका शब्दाचं स्पेलिंग चुकलं होतं. पहिलं बक्षीस, एक सिगारेट लायटर, जवळपास आठ मिनिटं घेणाऱ्याला मिळालं. आणि स्टॅन्ली सेजविक नावाच्या स्पर्धकाचा तर घंटा झाली तेव्हा एक शब्द राहिला होता. काही आठवड्यांनी त्यांना युद्धखात्याकडून पत्र आलं आणि पुढे ते ब्लेचली पार्कला, सांकेतिक संदेश उलगडणाऱ्या लोकांमध्ये कामाला लागले. हा प्रसंग वाचला तेव्हा मला त्या पहिल्या, बाद झालेल्या माणसाचंच जास्त वाईट वाटलं.

आता मेलचं. तुमच्या बाबतीत लिहू नका असं मी म्हणेन, पण एका अटीवर, ती शेवटी सांगते.

मी स्वतः एकदा लिहिलं होतं, दुसऱ्या एका स्पर्धेला. नाव घेत नाही. तिथला क्लू होता ‘प्रेझेंट, वुई हिअर, फ्रूट (७)’. सध्याचा म्हणजे ‘करंट’, मधला ‘ए’ नसलेला, आणि फळ म्हणजे ‘करंट’, ‘ए’ असलेला. ‘वुई हिअर’ दोघांच्या बरोबर मधोमध. कुठल्या बाजूचं ऐकायचं आणि कुठल्या बाजूचं लिहायचं, हे ठरवायला क्लूमध्ये काहीही नाही. पाचवं अक्षर वेगळं, आणि तेही उभ्या शब्दाने न छेदलेलं. म्हणजे दोन्ही उत्तरं सारखीच सिद्ध होतात. मी मुद्दे मांडून सभ्य भाषेत मेल लिहिली. उत्तर यायला १९ दिवस लागले. एकच ओळ: परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील.

अंतिम राहू द्या, त्याबद्दल तक्रार नाही. पण कारण सांगा ना! क्लू कसा उलगडतो हे दोन ओळींत लिहायला काय लागतं? लंडनच्या ऑब्झर्व्हरमध्ये वर्षानुवर्षं कोडी देणारे झिमेनीझ यांनी १९६६ मध्येच नियम नीट बांधून ठेवले: नेमकी डेफिनिशन, प्रामाणिक घडण, आणि याखेरीज क्लूमध्ये दुसरं काही नको. सेटरने फसवावं, तो त्याचा हक्कच आहे, पण उत्तर कळल्यावर सोडवणाऱ्याला ‘अरे, हे तर समोरच होतं’ असं वाटलं पाहिजे. फी घेऊन स्पर्धा भरवणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी उत्तरं स्पष्टीकरणासह लावलीच पाहिजेत. मी त्या स्पर्धेत पुन्हा गेले नाही. आपल्याकडे २०१३ पासून इंडियन क्रॉसवर्ड लीग आहे, फेऱ्या घरबसल्या ऑनलाइन देता येतात. कुठेही भाग घेण्याआधी मागच्या वर्षीची उत्तरं स्पष्टीकरणासह मिळतात का, एवढं मी बघते. बक्षिसाची रक्कम नंतर.

सासऱ्यांचं मात्र मला पटतं, म्हणजे त्यांना असं का वाटतं ते कळतं. (मी वकील नाही. वडील त्या काळातले होते, त्यांच्याकडून ऐकलं आणि मग हौसेने वाचलं, एवढंच.) चाळीस-पन्नासच्या दशकात मुंबई इलाख्यात बक्षिसांची शब्दकोडी जोरात होती. प्रवेशिकेमागे पैसे भरायचे, चौकटीत एकेका जागी दोन-दोन शब्द सारखेच बसायचे, आणि आयोजकांकडे मोहोरबंद ठेवलेल्या उत्तराशी आपलं जुळलं तर बक्षीस. लोक एकाच कोड्याच्या ढीगभर प्रवेशिका भरायचे, पगार घालवायचे. मुंबई सरकारने १९४८ मध्ये त्यावर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा केला. १९५५ मध्ये केंद्राचा कायदा आला: महिन्याला १,००० रुपयांपेक्षा जास्त बक्षीस नको, २,००० पेक्षा जास्त प्रवेशिका नकोत. बंगळूरहून साप्ताहिक काढून अशी कोडी चालवणाऱ्या कंपनीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ९ एप्रिल १९५७ला निकाल लागला की ज्या स्पर्धेत यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून नाही ती जुगारच, आणि जुगाराला व्यापार म्हणून घटनेचं संरक्षण नाही. कौशल्याच्या स्पर्धांना १९५५चा कायदा लागू नाही, हेही न्यायालयाने त्याच दिवशी सांगितलं.

सासऱ्यांना हे सगळं सांगा आणि मग एक क्रिप्टिक क्लू समोर ठेवून उलगडून दाखवा. मोहोरबंद उत्तराशी जुळवायची इथे गरजच नाही, उत्तर बरोबर आहे हे क्लूच सांगतो. त्या करंटवाल्या क्लूचा मला इतका राग का आला, तेही यातच आहे. तिथे आम्हा सगळ्यांना चिठ्ठी उचलायला लावली होती. आणि टिंब न पुसता आपण पेपर देतो तेव्हा आपणही तेच करत असतो, फरक इतकाच की चिठ्ठी आपल्याच हाताने लिहिलेली असते.

क्लू मराठीत दाखवा, त्यांना लगेच कळेल. वाल्याच्या ‘मरा मरा’चं ‘राम राम’ होतं, तो रिव्हर्सलच. घरात एक अक्षर धरायचं, मात्रेसकट. मी केलेला एक देते: ‘पहिल्या सुरामागे कवठाच्या आतलं आलं, की खारं पाणीच पाणी (३)’. पहिला सूर ‘सा’, कवठाच्या आतला ‘गर’, खारं पाणीच पाणी म्हणजे सागर. ‘मागे’ आणि ‘आलं’ ही नुसती जोडणी. शब्द उरत नाही. आणखी एक: ‘गाणं म्हण, मग तरचा सोबती बोलव, हलवा होईल (३)’. हा मी फोडत नाही, त्यांनाच करू द्या.

तुम्हीही आठवड्याला दोन-तीन मराठी क्लू रचून बघा. मला चेंबर्स डिक्शनरी चाळून जेवढा फायदा झाला नाही तेवढा याने झाला. स्वतः रचताना ‘म्हणे’ हा ‘ऐकू येतं’ सुचवणारा शब्द कुठे ठेवायचा यावर अर्धा तास घालवलात, की दुसऱ्याच्या क्लूमध्ये तो कुठे ठेवलाय ते आपोआप दिसायला लागतं.

आता ती अट. ज्या क्लूमध्ये तुमची फेरी गेली तो तुम्ही पोस्टमध्ये आठवणीतून लिहिलाय, आणि त्यात ‘ऐकू येतं’वाला शब्द ‘पूरक’च्या शेजारी आहे की मधोमध, हे कळत नाही. मूळ क्लू शोधा आणि स्वल्पविरामासकट, जसाच्या तसा इथे लिहा. तो शब्द ‘पूरक’च्या शेजारी असेल तर चूक तुमची, मेल नको. मधोमध असेल तर मेल आपण दोघी मिळून लिहू.