फाउंड्रीत (लोखंड ओतकामाच्या कारखान्यात) कार्बन उत्सर्जन कमी करायचा प्लॅन कसा बनवायचा? शेडवर सोलर टाकला की पुरे का?

नाही, पुरे नाही. तुम्ही लिहिलंय की गिऱ्हाईक कंपनीने तीन वर्षांचा प्लॅन मागितलाय आणि मालक म्हणतायत सोलर टाकू अन् विषय संपवू. हे वाक्य मी आधी ऐकलेलं आहे म्हणून एवढं लांब लिहितोय.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत मेंटेनन्सला होतो, नाव सांगत नाही. विजेवर लोखंड वितळवणारी इंडक्शन भट्टी, महिन्याला साधारण 500 टन मेल्टिंग, टनाला 600 युनिटच्या आसपास. म्हणजे नुसत्या भट्टीला 3 लाख युनिट. तिथं 100 किलोवॉट सोलर बसवला. आपल्याकडं किलोवॉटमागं दिवसाला 4 युनिट धरा, महिन्याचे झाले 12 हजार, म्हणजे भट्टीच्या विजेच्या 4 टक्के. फीत कापली, पेढे वाटले, गेटवर बोर्ड लागला. आणि त्याच शेडखाली भट्टी बिनझाकणाची चालू! झाकण होतं की, हायड्रॉलिक बिघडला म्हणून बाजूला काढून ठेवलेलं, त्यावर हेल्पर लोक डबे ठेवायचे.

मी मीटिंगमध्ये म्हटलं की साहेब, 1500 डिग्रीचं मेटल उघडं ठेवून आपण आभाळ तापवतोय, आमची आई चहालासुद्धा झाकण ठेवते. प्रॉडक्शनचे साहेब भडकले, म्हणे झाकण उघड-बंद करण्यात हीटचा (भट्टी एकदा भरून वितळवायचा) टाइम जातो, तुम्ही पान्हे सांभाळा. अहो, उष्णता आत राहिली तर हीट लवकर होते, टाइम वाचतो, पण ऐकणार कोण. दुसरं दुखणं म्हणजे मोल्डिंग लाइन (साचे बनवणारी) अडकली की तयार मेटल भट्टीतच होल्डवर, म्हणजे नुसतं गरम ठेवलेलं, आणि मग गार होईल या भीतीने अजून 40-50 डिग्री वर चढवायचं. हे बिलात दिसत नाही, कारण भट्टीला वेगळा मीटरच नव्हता, सगळं मिळून एकच एमएसईबीचं बिल. मीटरसाठी पैसे मागितले तर बजेट नाही, सोलरच्या बोर्डाला होतं.

पुढच्या कंपनीत मालक स्वतः मेल्टिंगवर उभा राहणारा माणूस. तिथं झाकण, भट्टीला मीटर, दर हीटचे युनिट फळ्यावर, आणि मोल्ड तयार झाल्याशिवाय टॅपिंगचं (मेटल भट्टीतून ओतून घ्यायचं) टेंपरेचर गाठायचं नाही, एवढंच केलं. टनाला 600 चे 550 झाले. आता 500 टनाला 50 युनिट लावून बघा, 25 हजार. त्या सोलरच्या दुप्पट, पेढे न वाटता. ते पहिल्या कंपनीतले प्रॉडक्शनचे साहेब आता रिटायर झालेत, हे वाचत असले तर गुणाकार करून बघावा.

तर तुमचा प्लॅन. आधी मीटर, भट्टी, हवेचा कॉम्प्रेसर आणि सँड प्लांटला (साच्याची वाळू तयार करणारा) वेगवेगळे. मग यील्ड (वितळवलेल्यातलं किती कास्टिंग म्हणून हाती येतं) आणि रिजेक्शन (किती पीस खराब निघतात). हे कुठल्याच कन्सल्टंटच्या पीपीटीत नसतं, पण खरा कार्बन इथंच आहे. यील्ड 60 टक्के असेल तर एक टन चांगल्या कास्टिंगला 1000 युनिट जातात, बाकीचं रनर-रायझर, म्हणजे साच्यातल्या वाटांमध्ये गोठलेलं मेटल, पुन्हा भट्टीत. ग्रिडच्या एका युनिटमागं साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, म्हणजे 700 किलो. त्यात रिजेक्ट झालेला पीस तर दोनदा वितळतो. मेथडिंगवाल्याला (साच्यात मेटल कसं जाईल ते ठरवणारा) प्लॅनच्या मीटिंगला बसवा, नुसत्या ईएचएसवाल्याला (पर्यावरण-सुरक्षा बघणारा) नको. कॉम्प्रेसरचं सोपं आहे, सुट्टीच्या दिवशी हवा वापरणारं सगळं बंद ठेवून तो एकटा चालवा, लोडवर (हवा भरताना) किती सेकंद अन् अनलोडवर (नुसता फिरताना) किती ते लिहा, एकूण वेळेतला लोडचा वाटा म्हणजे तुमची गळती. आकडा बघून चहा घशाखाली उतरणार नाही.

सोलर वाईट आहे असं म्हणत नाही, टाका, पैसे वसूल होतात. ओपन अ‍ॅक्सेसने (बाहेरच्या सोलर प्रकल्पाची वीज ग्रिडमधून) घेतलात तर 4 टक्क्यांचे बरेच जास्त होतील, कारण तेवढे पॅनल शेडवर मावत नाहीत. पण आधी गरज कमी करा, मग किती किलोवॉट ते ठरवा.

हे सगळं विजेच्या भट्टीचं झालं. क्युपोला (कोळशाच्या कोकवर चालणारी भट्टी) असेल तर कोक थेट तुमच्या स्कोप 1 मध्ये, म्हणजे तुमच्याच आवारात जळणाऱ्या इंधनाच्या कार्बनमध्ये, येतो, तिथं हिशोब वेगळा. सिमेंटवाल्या मित्राला हे उत्तर फॉरवर्ड करू नका, त्यांचा अर्ध्याहून जास्त कार्बन चुनखडी भाजतानाच निघतो, झाकणाने काही होत नाही.

स्कोप 3, म्हणजे विकत घेतलेल्या माल वगैरेमागचा कार्बन, तोही विचारलाय. तिथं पहिल्यांदा पिग आयर्न (खनिजापासून बनवलेलं कच्चं लोखंड) बघा, ते कोकवरच्या ब्लास्ट फर्नेसमधून येतं. त्याऐवजी स्क्रॅपचं (भंगार लोखंडाचं) प्रमाण वाढवता आलं तर आकडा खाली येतो, पण मँगनीज अन् बाकीची भेसळ वाढते, त्यामुळं लॅबवाल्याला विचारल्याशिवाय गिऱ्हाइकाला शब्द देऊ नका.